पोरगं सायकल सुसाट पळवतं, आता पुढं काय? ट्रॅक स्प्रिंटबद्दल मराठवाड्यातल्या घरांतून वारंवार येणारे प्रश्न

शालेय जिल्हा स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की क्रीडाशिक्षकांना आणि आमच्यासारख्या सायकल शिकवणाऱ्यांना तेच ते प्रश्न येतात. विचारणारे कधी वडील असतात, कधी मामा, कधी स्वतः पोरगं. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. उत्तरांत आमची मतंही आहेत, ती पटलीच पाहिजेत असं नाही.

ट्रॅक स्प्रिंट म्हणजे नेमकं काय?

लंबगोल, वळणावर उंच कललेल्या सायकल ट्रॅकला वेलोड्रोम म्हणतात. त्यावरची थोड्या अंतराची, पूर्ण वेगाची शर्यत म्हणजे ट्रॅक स्प्रिंट. ऑलिम्पिकचा ट्रॅक लाकडी आणि २५० मीटरचा असतो, आणि वळणावर तो ४० अंशांहून जास्त कललेला असतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती भिंतच वाटते. सायकल पुरेशा वेगात असेल तर माणूस तिथं टिकतो, वेग गेला की घसरून खाली येतो.

स्प्रिंटरच्या मुख्य शर्यती तीन. पहिली वैयक्तिक स्प्रिंट. यात आधी 'फ्लाइंग २००' होते: ट्रॅकच्या वरच्या कडेला जाऊन वेग घ्यायचा, खाली झेप टाकायची आणि शेवटच्या २०० मीटरची वेळ मोजली जाते. त्या वेळेवरून जोड्या लागतात, आणि मग कुस्तीसारखं समोरासमोर. २५० मीटरच्या ट्रॅकवर तीन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत दोघं इतके हळू जातात की नवख्याला वाटतं हे फिरायला आलेत. खरं तर तिथंच डाव चाललेला असतो. मागं राहणाऱ्याला पुढचा दिसतो, शिवाय त्याच्या आडोशानं वाऱ्याचा मार वाचतो. म्हणून पुढं जायला कुणी राजी नसतं.

दुसरी टीम स्प्रिंट. तिघं एकदमच सुटतात आणि एकामागं एक लागतात. पहिला एक फेरी ओढून बाजूला होतो, दुसरा दुसऱ्या फेरीनंतर, आणि तिसरा एकटा शेवट गाठतो. तिसरी केरिन. ही जपानची, १९४८ पासूनची, तिथं हिच्यावर पैसे लागतात. पुढं मोटरवाली सायकल हळूहळू ताशी ५० किलोमीटरपर्यंत वेग वाढवत नेते, तीन फेऱ्या उरल्या की ट्रॅक सोडते, आणि मग सुरू होते ती धक्काबुक्कीच्या काठावरची पळापळ. याशिवाय एक किलोमीटरची टाइम ट्रायल आहे. २००४ नंतर ती ऑलिम्पिकमध्ये नाही, पण जागतिक आणि राष्ट्रीय स्पर्धांत आहे.

वेगाचा अंदाज हवा असेल तर हे बघा: पॅरिस २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या हॅरी लाव्हरेसननं फ्लाइंग २०० ला ९.०८८ सेकंद घेतले. म्हणजे ताशी ७९ किलोमीटरच्या वर, फक्त पायांच्या जोरावर. त्या ऑलिम्पिकमध्ये स्प्रिंटची तिन्ही सुवर्णं त्यानंच नेली.

आमचा मुलगा रोज ४० किलोमीटर सायकल मारतो. तो स्प्रिंटर होईल का?

त्यावरून काहीच सांगता येत नाही. आपल्याकडं सायकलिंग म्हटलं की पंढरपूरची सायकलवारी, दोनशे-तीनशे किलोमीटरचे ब्रेव्हे (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांबची सायकलफेरी), नाहीतर कन्नडचा घाट किती वेळा चढला याचा हिशेब. ते सगळं चांगलंच आहे. पण तो दमाचा खेळ. स्प्रिंटरचा सगळा कारभार दहा सेकंदांपासून एका मिनिटापर्यंतचा. रोज ४० किलोमीटर संथ चालवून पोरगं चिवट होईल, स्फोटक होणार नाही.

आम्ही पालकांना पहिल्याच भेटीत सांगतो: आजपासून 'किती किलोमीटर झाले' हा प्रश्न घरात विचारायचा नाही. 'किती सेकंद लागले' हा विचारा.

मग स्प्रिंटर ओळखायचा कसा?

उभ्यानं लांब उडी घेताना जो वर्गात सगळ्यांच्या पुढं पडतो, ३० मीटर पळताना पहिल्या चार पावलांत सुटतो, कबड्डीत चढाई करून झटक्यात परत येतो, तो. बहुतेक वेळा हे पोरगं शाळेच्या ८०० मीटरच्या शर्यतीत मधेच हातपाय गाळतं आणि शिक्षक त्याला आळशी म्हणतात. लातूर-धाराशिवकडं तालमीत जाणाऱ्या मुलांत असे पाय बरेच दिसतात.

उंचीचं फार मनावर घेऊ नका. मलेशियाचा अझीझुल्हस्नी अवांग आंतरराष्ट्रीय स्प्रिंटरांमध्ये बुटकाच. तरी तो २०१७ ला केरिनचा जगज्जेता झाला, आणि रिओ व टोकियो या दोन्ही ऑलिम्पिकमधून पदक घेऊन आला.

कोणत्या वयात सुरुवात करावी?

बारा ते चौदा हे चांगलं वय. त्याआधी पळणं, उड्या, झाडावर चढणं चालू द्या. सोळाव्या वर्षी आलेलाही उशिरा आला असं नाही, फक्त तो दुसऱ्या एखाद्या खेळातून ताकद घेऊन आलेला असावा. लाव्हरेसन स्वतः बीएमएक्समधून, म्हणजे छोट्या सायकलींच्या उंचसखल मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींतून आला.

मराठवाड्यात वेलोड्रोम नाही. मग सराव कुठं आणि कसा करायचा?

अडचण खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. आठ जिल्ह्यांतल्या पोरांना ट्रॅक बघायचा तर पुण्याला बालेवाडीच्या क्रीडानगरीत जावं लागतं. नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबादचा उस्मानिया विद्यापीठाचा ट्रॅकही अंतरानं परवडतो. छत असलेला लाकडी ट्रॅक दिल्लीत, इंदिरा गांधी क्रीडा संकुलात. तो २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधला.

पण पहिली दोन-तीन वर्षं ट्रॅकवाचून अडत नाही, हे आमचं ठाम मत. स्प्रिंटरला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी इथंच तयार होतात.

उभ्या जागेवरून सुटायचा सराव शाळेच्या मैदानालगतच्या डांबरी पट्ट्यावर होतो. एकानं मागून सीट धरायची, दुसऱ्यानं शिट्टी मारायची, आणि पोरानं ५० ते ६० मीटर जीव तोडून जायचं. फ्लाइंग २०० साठी एमआयडीसीतला सरळ, सपाट, खड्डे नसलेला रस्ता रविवारी पहाटे गाठा. शेंद्रा-बिडकीनच्या पट्ट्यात असे रुंद रस्ते आहेत. टेपनं २०० मीटर मोजून दोन्ही टोकांना फक्कीची रेघ मारा, मागं-पुढं एकेक मोटरसायकल उभी करा. वेळ एकाच दिशेची घेऊ नका. आपल्याकडं उन्हाळ्यात वारा सुटतो, आणि पाठीवरच्या वाऱ्यानं घेतलेली वेळ वहीत लिहून पोरगं उगाच हवेत जातं. जाऊन-येऊन दोन्ही वेळा घ्या, सरासरी काढा. समृद्धी महामार्गाचा विचार मनातही आणू नका, तिथं सायकलला मनाईच आहे.

तिसरी गोष्ट रोलर. तीन दंडगोलांवर सायकल ठेवून जागच्या जागी चालवायची. घराच्या ओसरीत होतं, पावसाळ्यात होतं, आणि पायांना गोल, न हिसकणारी फिरकी लागते. लहान गिअर लावून मिनिटाला १३० च्या पुढं पाय फिरवता आले पाहिजेत. मोठा गिअर लावायची घाई करणारी पोरं पुढं मागं पडतात, कारण त्यांचे पाय जोर देतात पण फिरत नाहीत.

जे इथं शिकता येत नाही ते म्हणजे कललेलं वळण, वरून खाली झेप आणि अंगाला अंग लागून चालणं. त्यासाठी दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ-दहा दिवस तरी ट्रॅकवर न्या. उघड्या ट्रॅकचे दिवस पावसाळ्यात वाया जातात, तेव्हा जून ते सप्टेंबरचं नियोजन करू नका.

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो हे खरं का?

खरं. गिअर एकच, फ्रीव्हील नाही, मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार. गावाकडचे मिस्त्री याला सरळ 'फिक्स' म्हणतात. सगळेच बिनब्रेकचे असल्यामुळं ट्रॅकवर कुणी अचानक थांबत नाही, म्हणून तिथं ते सुरक्षित. रस्त्यावर नाही. रस्त्यावरच्या सरावाला फिक्स वापरत असाल तर पुढचा ब्रेक बसवल्याशिवाय पोराला सोडू नका.

सायकलला किती खर्च येतो?

नवी, बऱ्यापैकी ॲल्युमिनियमची ट्रॅक सायकल घ्यायची तर रक्कम लाखाच्या घरात जाते. कार्बनची फ्रेम, भरीव डिस्क चाकं यांचा हिशेब कैक लाखांचा. सुरुवातीला यातलं काहीही घेऊ नका. वर्षभर जुन्या सायकलवर वेळ कमी होत गेली, तर पुण्यातल्या मोठ्या खेळाडूंकडून वापरलेली फ्रेम मिळते का बघा. दहावीतलं पोरगं दीड वर्षात वाढतं आणि फ्रेम छोटी पडते. सोयाबीनचे पैसे आले म्हणून एकदम महागडी सायकल घेतलेली घरं आहेत. ती सायकल आता भिंतीला टांगलेली आहे.

पैसे घालायचेच असतील तर चांगलं हेल्मेट, मापाचे बूट आणि घट्ट पट्टे असलेली पेडलं यांवर घाला. सुटताना पाय पेडलातून निसटला तर थेट तोंडावर आपटी.

सरावाला जाऊन बघितलं तर पोरगं निम्मा वेळ बसून होतं. पैसे वाया चाललेत का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि कष्टाची सवय असलेल्या घरातून जास्त येतो. शेतात राबणाऱ्या बापाला दोन तासांच्या सरावात पोरगं जेमतेम दीड-दोन मिनिटं जोर लावताना दिसतं, बाकीचा वेळ ते झाडाखाली पाय पसरून बसलेलं. राग येणं साहजिक आहे.

स्नायूतलं जे इंधन पहिल्या आठ-दहा सेकंदांच्या पूर्ण जोराला लागतं, ते परत भरायला काही मिनिटं जातात. मेंदूकडून स्नायूंना जाणारी 'सगळे मिळून सुटा' ही आज्ञाही थकव्यात मंदावते. म्हणून पूर्ण ताकदीच्या दोन झेपांमध्ये दहा, पंधरा, कधी वीस मिनिटं विश्रांती असते. ती कमी केली तर सहावी झेप पहिलीपेक्षा हळू जाते, आणि पोरगं हळू जाण्याचाच सराव करत राहतं. दिवसाला चार ते सहा चांगल्या झेपा झाल्या की सराव संपला.

व्यायामशाळेतही हेच. हजार बैठका मारल्याचा अभिमान तालमीत शोभतो, इथं त्याचा उपयोग थोडा. स्प्रिंटरला वजन घेऊन थोड्याच, पण नीट आणि झटक्यात उठणाऱ्या बैठका हव्यात. तेराव्या-चौदाव्या वर्षी मात्र खांद्यावर जड वजन नको. अंगाच्या वजनावर उड्या, पायऱ्या, दोरी. जड वजन शरीर भरल्यावर, आणि शिकवणारा शेजारी उभा असेल तरच.

झोपेचंही सांगून ठेवतो. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला सराव, यातून काहीही तयार होत नाही.

खाण्याचं काय? डबेवाली पावडर लागते का?

ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ, दूध, दही, अंडी, शेंगदाण्याची चटणी, जमेल तसं मटण-मासळी. एवढ्यात भागतं, फक्त डाळ-उसळीचा वाटा आपण वाढतो त्याच्या दुप्पट हवा. वरण पातळ करून चौघांत पुरवायची सवय या एका ताटापुरती मोडा. उन्हाळ्यात लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सरावाच्या आधी आणि नंतर. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर रस्त्यावर झेपा मारू नका.

पावडरीबद्दल कडकच बोलावं लागेल. जिममधल्या ओळखीच्यानं दिलेला बिनलेबलचा डबा, 'ताकदीचं' इंजेक्शन, बाबा-वैद्याची पुडी, काहीही नको. उत्तेजक द्रव्य अंगात सापडलं तर ते कसं गेलं हे खेळाडूला विचारलं जातं, देणाऱ्याला नाही. जाणूनबुजून घेतल्याचं ठरलं तर चार वर्षांची बंदी, म्हणजे या वयात सगळं करिअर. सर्दी-तापाचं औषध घेतानाही डॉक्टरांना सांगा की पोरगं स्पर्धा खेळतं.

मुलीला पाठवावं का?

पाठवावं. लंडन २०१२ पासून ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर स्त्री-पुरुषांना सारख्याच शर्यती आहेत, आणि टीम स्प्रिंटमध्ये पूर्वी महिलांच्या दोघीच असत, पॅरिसला त्याही तिघी झाल्या. विदर्भातल्या मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे स्प्रिंटमध्ये भारताच्या संघापर्यंत गेल्या. तिथंही काही दारात लाकडी ट्रॅक नव्हता.

मराठवाड्यातून मुली कमी येतात याचं कारण पाय नाहीत, पहाटेचा रस्ता आहे. त्यामुळं तिघी-चौघींचा गट करा, सोबत एक पालक गाडीवर ठेवा, 'सायकलची चड्डी' या विषयावर गावात कोण काय म्हणतं ते कानाआड करा. पाळीचे दिवस प्रशिक्षकाला मोकळेपणानं सांगता आले पाहिजेत. जिथं सांगता येत नाहीत तिथं शिकवणं नीट चाललेलं नाही.

शिबिराला पाठवताना राहण्याची सोय, सोबत महिला अधिकारी कोण, खोल्या कशा, हे लेखी विचारा. संकोच करू नका. २०२२ मध्ये परदेशातल्या सराव शिबिरातून एका भारतीय महिला सायकलपटूनं प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली, तिला परत बोलावून घेतलं आणि त्या प्रशिक्षकाचा करार रद्द झाला. तिनं आवाज उठवला म्हणून हे झालं. घरी येऊन सांगितलं तर आपलेच लोक खेळ बंद करतील, ही भीती मुलीच्या मनात नसली पाहिजे.

दहावी-बारावीचं काय करायचं?

आता खरा पेच. सायकलिंगमध्ये ज्युनिअर गट म्हणजे ज्या वर्षी खेळाडूला १७ आणि १८ पूर्ण होतात ती दोन वर्षं. आपल्याकडं हीच अकरावी-बारावीची. आणि आपण राहतो लातूर पॅटर्नच्या मुलखात, जिथं त्या दोन वर्षांत पोरानं पुस्तकातून डोकं वर काढलं तरी नातेवाईक फोन करतात. नीटची तयारी आणि ज्युनिअर स्प्रिंट ही दोन्ही एकत्र जमवलेली मुलं आमच्या पाहण्यात नाहीत. जमत नाही हे आधीच कबूल केलेलं बरं. अर्धं इकडं, अर्धं तिकडं केलं की दोन्हीकडून पोरगं खचतं.

आमचा सल्ला असा. दहावीपर्यंत घरी राहून तयारी. दहावीच्या वर्षी वेळा वहीत बघा. वर्षभरात फ्लाइंग २०० ची वेळ सातत्यानं खाली येत असेल आणि राज्य स्पर्धेत पहिल्या काहींत नंबर असेल, तरच घर सोडायचा विचार. मग राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवासी योजनेची किंवा भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रांची निवड चाचणी. त्या वर्षी सायकलिंगच्या किती जागा आहेत ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जाहिरातीवर विसंबू नका. अकरावीला कला किंवा वाणिज्य घेतलं तर आभाळ कोसळत नाही. दहावी-बारावीत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव शाळेनं वेळेत पाठवला का याचा पाठपुरावा पालकांनीच करायचा.

बीड-धारूर-वडवणीकडच्या ऊसतोडीच्या घरांसाठी वेगळी अडचण आहे. दिवाळीनंतर बिऱ्हाड कारखान्याकडं निघतं आणि पोराचा सराव पाच-सहा महिने बंद पडतो. अशा पोराला आजीजवळ, हंगामी वसतिगृहात, नाहीतर ज्या शिक्षकावर विश्वास आहे त्याच्या गावात ठेवता आलं तर ठेवा. आमच्या मते या भागातले सगळ्यात ताकदीचे पाय याच घरांत आहेत, आणि ते मैदानापर्यंत पोहोचतच नाहीत.

आपल्या देशातलं कुणी वरपर्यंत गेलंय का?

अंदमानच्या एसो अल्बेननं २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत केरिनचं रौप्य जिंकलं. जागतिक ट्रॅक स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक. पुढच्या वर्षी जर्मनीत भारताच्या मुलांनी ज्युनिअर टीम स्प्रिंटचं सुवर्ण आणलं. त्याच संघातल्या मणिपूरच्या रोनाल्डो सिंगनं २०२२ मध्ये दिल्लीच्या आशियाई ट्रॅक सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धेत वैयक्तिक स्प्रिंटचं रौप्य मिळवलं, वरिष्ठ गटात. अंदमानचाच आणखी एक स्प्रिंटर आहे, त्याचं नाव डेव्हिड बेकहॅम. बापांनी फुटबॉलवाल्यांची नावं ठेवली आणि पोरं सायकलवर बसली.

अंदमान आणि मणिपूरही दिल्लीच्या लाकडी ट्रॅकपासून आपल्यापेक्षा लांबच आहेत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९६४ च्या टोकियोनंतर भारताचा एकही सायकलपटू ऑलिम्पिकला गेलेला नाही. ज्युनिअरमध्ये जगज्जेते आणि वरिष्ठ गटात मागं, असं का होतं? युरोपातला खेळाडू वर्षभर मोठ्या स्पर्धा खेळत असतो, आपला खेळाडू वाट बघत असतो.

यातून नोकरी लागते का?

लागू शकते. रेल्वे आणि सेनादलांचे सायकलिंग संघ आहेत आणि राष्ट्रीय पदक असलेल्यांना ते घेतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण कोणत्या पदाला कोणत्या पातळीचं पदक चालतं ते ठरलेलं आहे, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाकडून करून घ्यावी लागते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात गाजल्यापासून तपासणी कडक झाली आहे, आणि व्हायलाच हवी होती. प्रत्येक स्पर्धेचा प्रवेश अर्ज, निकालपत्रक, फोटो एका फाइलीत ठेवा. पाच वर्षांनी ते शोधायला निघालात तर संघटनेचा सचिव बदललेला असतो.

पडलं तर?

पडणार. कातडी सोलवटणं नेहमीचं, गळ्याजवळचं हाड मोडणंही स्प्रिंटरांत होतं. लाकडी ट्रॅकवर फळीची चिपही घुसते. २०११ मध्ये मँचेस्टरला अवांगच्या पोटरीतून लांबलचक चिप आरपार गेली होती. तो उठला आणि रेषा ओलांडून तिसरा आला. पोरांना ही गोष्ट आवडते. पालकांनी तेवढा अपघात विमा काढून ठेवावा.

किती वर्षं चालतं हे?

स्प्रिंटर लवकर संपतो हा गैरसमज. ब्रिटनच्या ख्रिस हॉयनं लंडन २०१२ मध्ये केरिनचं सुवर्ण जिंकलं तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. ताकद विशी-पंचविशीत येते, म्हणून सतराव्या वर्षी राष्ट्रीय पदक नाही म्हणून सायकल विकायची गरज नाही. पण बावीसाव्या वर्षीही वेळ जागच्या जागी असेल तर मोकळेपणानं बोला. तेच पाय घेऊन प्रशिक्षक होता येतं, यांत्रिक कामात जाता येतं. ट्रॅक सायकल नीट जुळवणारा मिस्त्री आपल्या आठ जिल्ह्यांत शोधून बघा, म्हणजे कळेल किती गरज आहे.

पहिल्या चाचणीला येताना काय आणायचं?

जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचं बोनाफाइड, पळायचे बूट, पाण्याची बाटली आणि घरात असेल ती सायकल, मग ती दूध घालायची का असेना. येण्याआधी तिची हवा आणि चेन बघून घ्या. सकाळी सहाला, उपाशीपोटी नको, एखादं केळं खाऊन.